"रोडच तसा आहे ना भाऊ" म्हणणं आता बंद करा!

मंडळी, आज जरा स्पष्टच बोलतो. राग आला तरी चालेल.

आपल्या सोनाळ्यात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरणाऱ्या गाड्या कमी नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "रोडच तसा आहे ना भाऊ!" रोड खराब आहे, मान्य. खड्ड्यांनी बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड ढिले होतात अन् थरथर वाढते, हेही खरं. पण सपाट रोडवर फक्त ब्रेक दाबल्यावरच हात हलत असतील, तर पहिला संशय पुढच्या डिस्कवर घ्या.

डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसली की पॅड कुठे जास्त पकडतो, कुठे कमी. फरक मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा. डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. हबवरचा गंज, कमीजास्त आवळलेले नट, डिस्कवर चिकटलेला पॅडचा थर, ही त्याची कारणं.

अन् आपण करतो काय? अलाइनमेंट-बॅलन्सिंग! पैसे गेले, थरथर तिथंच. अहो, बॅलन्सिंगचा दोष वेगात जाणवतो, ब्रेक दाबा की न दाबा. गॅरेजवाल्या भावांनो, अंदाज सांगू नका, डायल गेज लावून मोजा. कमीत कमी किती जाडी हवी, हे बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याखाली गेली तर बदलायचीच, तीही दोन्ही बाजूंची.

आता सरकारचं ऐका. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची. मधे ब्रेक तपासायचा नियमच नाही. पीयूसी फक्त धूर पाहते. प्रवासी गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी अन् पुढे दरवर्षी फिटनेस लागतं. पण तो कागद त्या दिवसाचा! खिशात कागद असला म्हणून डिस्क झिजायची थांबत नाही.

१ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस जळून २५ जीव गेले. तिथलं कारण वेगळं होतं. पण तेव्हा आठ दिवस सुरक्षेवर बोलणारे आपण आज तीच थरथरती गाडी घेऊन लेकराबाळांसह शेगावला जातो.

मागणी साधी आहे: आरटीओने संग्रामपूर तालुक्यात ब्रेक तपासणीचं शिबिर लावावं. अन् ते लागेपर्यंत आपण आपली गाडी या आठवड्यात दाखवावी.

तुमची गाडी हलते का? कमेंटमध्ये खरं सांगा.