जंगलाचे मोजमाप कोणी करावे?

बिस्किटाच्या किंवा फरसाणाच्या पुड्यावर घटक पदार्थांची यादी छापलेली असते. ती वाचलीत तर बहुतेक वेळा तीत पाम तेलाचे नाव सापडेल. अंगाच्या साबणात आणि शाम्पूतही हे तेल किंवा त्यापासून केलेली द्रव्ये असतात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारलेत तर रेशनच्या दुकानात मिळणारे पामोलिन त्यांना आठवेल. पाम तेलाची जगात सर्वाधिक आयात करणारा देश भारतच आहे. तेव्हा हे तेल जेथे निघते तेथील जंगलांचे काय होते, हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही.

हे तेल ज्या झाडापासून मिळते तो तेलमाड, नारळ आणि सुपारी यांच्याच कुळातला. त्याचे मूळ स्थान पश्चिम आफ्रिका. परंतु आज जगातील पाचांपैकी चार भागांहून अधिक पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांत निघते. सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील विषुववृत्तीय जंगले तोडून तेथे मोठ्या प्रमाणावर तेलमाडाची लागवड झाली. या जंगलांत ओरांगउटान राहतो. काही भागांत जमिनीखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे जाड थर आहेत. त्यांना पीट म्हणतात. तेथील पाणी चर खणून काढून टाकले की पीट वाळते आणि एकदा पेटले की आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. १९९७ आणि २०१५ साली अशा आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पसरला होता.

मग पाम तेल वापरणेच सोडून द्यावे काय? येथे थोडे गणित करू. एक हेक्टर तेलमाडापासून वर्षाला तीन ते चार टन तेल मिळते. एक हेक्टर सोयाबीनपासून मिळणारे तेल अर्ध्या टनाच्या आसपास असते. म्हणजे तेलमाडाच्या एका हेक्टरची जागा भरून काढण्यास सोयाबीनचे सहा ते आठ हेक्टर लागतील. ती जमीन कोठून आणणार? शिवाय इंडोनेशियातील तेलमाडाच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. त्यांच्या पोटाचाही विचार करावा लागेल. सरसकट बहिष्काराने प्रश्न सुटत नाही, तो दुसरीकडे सरकतो.

दुसरा एक मार्ग गेल्या तीन दशकांत पुढे आला आहे. कच्चा माल विकत घेणाऱ्या कंपन्या आणि निसर्गरक्षणाचे कार्य करणाऱ्या संस्था यांनी एकत्र बसून नियम ठरवावेत, असा तो मार्ग होय. त्याची सुरुवात समुद्रावर झाली. कॅनडाजवळील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा इतका उपसला गेला, की १९९२ साली कॅनडा सरकारला तेथील मासेमारी थांबवावी लागली आणि हजारो लोकांचा रोजगार बुडाला. गोठवलेल्या माशांचा मोठा व्यापार करणाऱ्या युनिलिव्हर कंपनीच्या ध्यानात आले, की मासाच संपला तर धंदाही संपेल. तिने विश्व प्रकृती निधी या संस्थेच्या सहकार्याने १९९७ साली एक परिषद स्थापन केली. सागराला न ओरबाडता पकडलेल्या माशांना प्रमाणपत्र देणे हे तिचे काम. पुढे २००४ साली पाम तेलासाठीही असाच एक मंच उभा राहिला. त्यात मळेवाले, तेल कारखानदार, दुकानदार आणि निसर्गसंस्था असे सगळेच आहेत. आज जगातील पाम तेलापैकी सुमारे एक पंचमांश तेल या मंचाच्या प्रमाणपत्राखाली येते.

या भागीदारीविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, आता जंगले वाचलीच म्हणून समजा. कोणी म्हणतात, हा सारा देखावा आहे. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि मला ही दोन्ही मते घाईची वाटतात. माझ्या मते असे प्रमाणपत्र हे एक मापन आहे. प्रयोगशाळेत आपण कोणतेही मापन जसे तपासून घेतो, तसेच तेही तपासून घ्यावे.

मोजले असता काय दिसते ते पाहू. हवाई विद्यापीठातील किंबर्ली कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातील मळ्यांचा उपग्रहचित्रांवरून अभ्यास केला. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. प्रमाणपत्र मिळालेल्या मळ्यांची तुलना त्यांनी तसल्याच पण प्रमाणपत्र नसलेल्या मळ्यांशी केली. प्रमाणपत्र नसते तर या मळ्यांमधील उरलेले जंगल दर वर्षी ९.८ टक्क्यांनी घटले असते. प्रत्यक्षात ते ६.६ टक्क्यांनी घटले. म्हणजे घट एक तृतीयांशाने कमी झाली. आगी आणि पीटची जमीन साफ करणे यांवर मात्र प्रमाणपत्राचा ठळक परिणाम दिसला नाही.

आता किरणोत्सर्गाच्या धड्यातील अर्धायुकाल आठवा. घटीचा दर तोच राहिला असे धरले, तर ९.८ टक्के दराने जंगल सुमारे पावणेसात वर्षांत निम्मे होते. ६.६ टक्के दराने निम्मे होण्यास सुमारे दहा वर्षे लागतात. भागीदारीने जंगलाचा अर्धायुकाल वाढवला, हे खरे. तीन वर्षांहून अधिक सवड ही मोठी गोष्ट आहे. पण जे निम्मे होत जाते ते टिकत नाही, हेही तितकेच खरे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. इंडोनेशियातील तेलमाडाच्या मळ्यांच्या हद्दीत जे जंगल शिल्लक होते, त्यातील एक टक्क्याहूनही कमी प्रमाणपत्रवाल्या मळ्यांत होते. ज्यांच्याकडे तोडण्यासारखे फारसे उरलेच नव्हते, असे मळे मुख्यतः पुढे आले होते. २०१८ च्या अखेरीस मंचाने नियम कडक करून नव्या लागवडीसाठी जंगलतोड करण्यास मनाई केली. हे पाऊल योग्यच होते. परंतु टक्केवारी ऐकताना ती कशाची आहे, हे आधी विचारावे.

पुढचा प्रश्न असा, की मापन घेतो कोण? मळ्याची तपासणी बाहेरची संस्था करते, पण तिचे शुल्क मळेवालाच देतो. परीक्षार्थीनेच परीक्षकाला मानधन द्यावे, तसे हे झाले. २०१५ साली ब्रिटनमधील एका पर्यावरण संस्थेने अशा तपासण्यांतील गंभीर त्रुटी अहवालात मांडल्या. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मलेशियातील आयओआय या मोठ्या कंपनीविरुद्ध निसर्गरक्षकांनी तक्रार केली, तेव्हा मंचाने एप्रिल २०१६ मध्ये तिचे प्रमाणपत्र स्थगित केले. युनिलिव्हरसारख्या बड्या ग्राहकांनी तिच्याकडून खरेदी थांबवली. ऑगस्टमध्ये स्थगिती उठली. ग्राहक हललो तरच नियमाला धार येते, हा त्यातील धडा आहे.

तिसरा प्रश्न तेलाच्या टाकीचा. समजा, एका कारखान्यात १०० टन प्रमाणित आणि ९०० टन साधे तेल एकाच टाकीत ओतले. कारखानदार त्यातील १०० टन तेल प्रमाणित म्हणून विकू शकतो. हिशोब वस्तुमानाच्या अक्षय्यतेला धरूनच आहे, आत गेले तेवढेच बाहेर आले. पण तुमच्या हाती आलेल्या डब्यात प्रमाणित तेल केवळ एक दशांश असते. गावोगावचे दूध डेअरीच्या एकाच टाकीत मिसळल्यावर कोणत्या गोठ्याचे दूध कोणते हे सांगता येत नाही, तसेच हे. ही पद्धत लबाडीची नाही. दोन तेले वेगळी ठेवण्याचा खर्च तिने वाचतो. तथापि शुद्ध प्रमाणित तेल आणि असे मिश्र तेल यांत फरक आहे, आणि तो ग्राहकाला स्पष्ट शब्दांत कळला पाहिजे.

यावर विज्ञानाने एक चांगले साधन दिले आहे. बोर्निओवर वर्षाचा बराच काळ ढग असतात, त्यामुळे साध्या उपग्रहचित्रांत जमीन दिसत नाही. २०१४ पासून युरोपचे सेंटिनेल-१ मालिकेतील उपग्रह सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या रडार लहरी वापरतात. ढगातील जलबिंदू या लहरींच्या मानाने फारच सूक्ष्म असल्याने लहरी आरपार जातात. काही दिवसांच्या अंतराने घेतलेली ही निरीक्षणे सर्वांना विनामूल्य पाहता येतात. मळ्यांच्या हद्दींचे नकाशे जर उघडे असतील, तर तपासनीसावर विसंबून राहण्याची गरज पुष्कळ कमी होते. माझा आग्रह येथेच आहे. भागीदारी जरूर करा, पण हद्दी आणि नोंदी उघड्या ठेवा. ज्याचा पडताळा दुसऱ्याला घेता येत नाही, त्याला विज्ञानात निष्कर्ष म्हणत नाहीत.

हा विचार आपल्या देशासाठीही तातडीचा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने खाद्यतेलाच्या आयातीवरचा भार कमी करण्यासाठी तेलमाडाच्या लागवडीचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. त्यात ईशान्य भारतावर विशेष भर आहे, आणि ईशान्येकडे आपली समृद्ध जंगले आहेत. परदेशातील जंगलाविषयी आज जे प्रश्न आपण विचारतो, तेच उद्या स्वतःला विचारावे लागतील. लागवडीपूर्वी त्या जमिनीवर काय होते? मोजणी कोणी केली? तिच्या नोंदी कोणाला पाहता येतात?

शिक्षकांना एक विनंती. अर्धायुकाल शिकवताना मूलद्रव्यांच्या जोडीला हे जंगलाचे उदाहरणही फळ्यावर सोडवून घ्यावे. युरेनियमच्या अणूंचा ऱ्हास आपण थांबवू शकत नाही. जंगलाच्या ऱ्हासाचा दर मात्र माणसाच्या हातात आहे, आणि तो शून्यावर आणणे हे कोणत्याही निसर्गनियमाच्या विरुद्ध नाही.