चाल बांधू द्या मुलांना!

गेल्या नाताळातील प्रसंग. बुलढाणा जिल्ह्यातील आपल्या एका लहानशा धर्मग्रामात सोळा वर्षांच्या मुलाने मिस्सेतील गौरवस्तोत्राला भूप रागात चाल बांधून आणली. "आधी शीक, मग चाली बांध," असे सांगून गायनवृंदातील ज्येष्ठांनी पेटी मिटली. मध्यरात्रीच्या मिस्सेत ध्वनिमुद्रित साथीवर नेहमीचीच गीते झाली. मुलाने वही घरी नेली.

वयाची ही अट ख्रिस्तसभेने कधी घातली? १७६८ साली व्हिएन्नातील अनाथाश्रमाच्या नव्या चर्चचे पवित्रीकरण झाले, तेव्हा बारा वर्षांच्या मोझार्टने स्वतः रचलेल्या मिस्सेचे संचालन केले. त्याच शहरातील लिख्टेन्टाल धर्मग्रामाने १८१४ साली आपल्या चर्चची शताब्दी साजरी केली. त्या सोहळ्याची मिस्सा रचली सतरा वर्षांच्या फ्रांझ शूबर्टने. हा तिथल्याच एका शाळामास्तरांचा मुलगा.

"ते असामान्य होते, आमची मुले सामान्य," हे उत्तर ठरलेलेच आहे. पण १८१४ साली शूबर्टची थोरवी जगाला कुठे ठाऊक होती? ठाऊक होते ते एवढेच, की चर्चचे गायनप्रमुख मिखाएल होल्झर यांनी या मुलाला गायन आणि ऑर्गन शिकवले होते. प्रतिभा देणे परमेश्वराच्या हाती; पेटी उघडी ठेवणे मात्र आपल्या हाती आहे. ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली, तेव्हा परंपरेनुसार ज्ञानदेव अवघे पंधरा वर्षांचे होते. ज्या भाषेत हे घडले, त्या भाषेत प्रार्थना करणाऱ्यांनी तरी वयाचा बाऊ करू नये.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान देण्यास सांगितले. लहान गायनवृंदांनाही गाता येतील अशा नव्या रचना संगीतकारांकडे मागितल्या. आपल्यासारख्या मोजक्या घरांच्या धर्मग्रामांसाठीच जणू हे शब्द लिहिले गेले! आपण मात्र यंत्राची कळ दाबून मोकळे होतो.

माझे मागणे मोठे नाही. प्रत्येक धर्मग्रामात आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी पेटी आणि तबला उघडा असावा. स्वरलेखन शिकवणारे कोणीतरी असावे. आणि वर्षातून एका सणाला एक तरी गीत धर्मग्रामातील मुलाने वा मुलीने बांधलेल्या चालीत गायले जावे. चाल कच्ची असेल, एखादा स्वर चुकेलही. चुकलेला स्वर पुढच्या रविवारी सुधारता येतो. एकदा मिटलेली वही मात्र ते मूल पुन्हा आपल्यापुढे उघडेलच, याची हमी कोण देणार?