आकाशातील भाषासमिती

गोंदियाजवळील बिरसीच्या धावपट्टीवर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. १९९९ साली गोंदिया वेगळा जिल्हा होईपर्यंत हा परिसर भंडारा जिल्ह्यातच होता. कुंपणाबाहेर उभ्या राहणाऱ्यांना विमान दिसते, त्याची घरघर ऐकू येते. परंतु वैमानिक आणि नियंत्रण मनोरा यांच्यातील संभाषण कानी पडत नाही. अमेरिकेत डॅलस-फोर्ट वर्थ आणि रॅले-डरहॅम येथील विमानतळांवर प्रेक्षकांसाठी राखलेल्या जागी ते ध्वनिक्षेपकावरून ऐकविले जाते. आपल्याकडेही तसे व्हावे काय?

त्या संभाषणात एकही शब्द वाया जात नाही. कोणास उद्देशून, कोण आणि काय, एवढेच बोलले जाते. नियंत्रक सूचना देतो. वैमानिक तिच्यातील उंची, दिशा, धावपट्टी यांचा पुनरुच्चार करतो. त्यात चूक आढळल्यास नियंत्रक ती तत्काळ सुधारतो. नुसते ‘कळले’ म्हणून भागत नाही. मुनींच्या पाच समितींपैकी भाषासमितीचा अर्थ तरी दुसरा काय? हितकर, परिमित आणि असंदिग्ध बोलणे.

तथापि उच्चारलेला शब्द आचरणात उतरला नाही, तर तो व्यर्थ ठरतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीवर दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जीव गेले. एका विमानास १५,००० फुटांवर राहण्याचा आदेश होता. तरीही ते त्याखाली उतरले.

येथे एक शंका रास्त आहे. इतरांचे बोलणे ऐकणे योग्य काय? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये रहोभ्याख्यान, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे, सांगितले आहे. धावपट्टीवरील सूचना हे कोणाचे गुपित नव्हे. त्या परिसरातील सर्वच वैमानिक एकाच लहरीवर त्या ऐकत असतात. मात्र संकटात सापडलेल्या वैमानिकाची हाक कुतूहलाचा विषय होता कामा नये. अशा क्षणी ध्वनिक्षेपक बंद व्हावा, ही मर्यादा प्रथम ठरली पाहिजे.

ती पाळून वर्षातून एक दिवस जरी भंडारा, तुमसर, साकोलीच्या मुलांना बिरसी येथे हे संभाषण ऐकविता आले, तर त्यांना विमानाइतकाच वाणीचा संयमही पाहावयास मिळेल. घरोघरीचे कितीतरी कलह ‘मी सांगितले होते’ आणि ‘मी ऐकलेच नाही’ यांतून उद्भवतात. ऐकलेले एकदा उच्चारून पडताळण्याची सवय तेथेही उपकारकच ठरेल.