सतरा अक्षरांची कुंडली

आपल्याकडे लग्न जमवताना छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते बघतात, मुलाच्या आत्याच्या सासरपर्यंत चौकशी करतात. पण हीच चोखंदळ माणसं जुनी गाडी घ्यायला जातात तेव्हा काय बघतात? रंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीम!

हे ज्ञान मला दिवाळीच्या सुट्टीत झालं. माझा मामा भिवंडी तालुक्यातल्या अकलोलीला राहतो. तानसा नदीकाठचं, गरम पाण्याच्या कुंडांचं गाव. वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन मंडळी इथे अंग शेकायला येतात. बायकापोरं कुंडाकडे जातात आणि गाडीवाले बॉनेट उघडून सभा भरवतात. न मागता मिळणारी गोष्ट म्हणजे सल्ला, आणि तो तिथे पोत्याने मिळतो. "ऑइल काळं झालं की लगेच बदला." "मायलेज हवं तर हवा थोडी जास्तच मारा." एका काकांनी तर रेडिएटरमध्ये ओतायला कुंडाचंच पाणी बाटलीत भरून आणलं होतं. "पाणी ते पाणी, त्यात काय!"

मी कॉन्व्हेंटवाली. मराठी बोलताना अजूनही अडखळते, पण इथे राहवलं नाही. म्हटलं, "काका, या पाण्यात क्षार आहेत. त्यांचा थर आत बसला की रेडिएटर तुंबेल. कूलंट गंज रोखतं, पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं. आणि इंजिन गरम असताना झाकण उघडू नका, आतली वाफ तोंडावर येईल." काका गप्प झाले आणि माझी कॉलर ताठ झाली.

ती ताठ कॉलर संध्याकाळपर्यंतच टिकली. मामाला जुनी व्हॅन घ्यायची होती. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून पाच हजार इसार देऊनही झाला होता. "काय गं, मेकॅनिकलला आहेस ना? बघ बरं गाडी कशी आहे." मी ऐटीत पुढे गेले. ऑटो सायकलचा आलेख मी झोपेतही काढते. पण गावातल्या गॅरेजवाल्या दादांनी विचारलं, "ताई, चेसिस नंबर मिळवून बघितला का?" तो गाडीवर कुठे असतो हेच मला ठाऊक नव्हतं! तीन वर्षं फी भरून मी शिकले काय?

दादांनी पोचे-बिचे बघायच्या आधी बॉनेटला हात लावला. गरम लागलं. म्हणाले, "गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच चालू करून ठेवलीय. खरी गाडी थंडीच बघायची." मग इंजिन निवेपर्यंत आम्हाला चहा प्यायला लावला. नंतर धूर बघितला. निळसर असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट आत शिरतंय. टायरवरचे चार आकडे वाचायला शिकवले. ३५१९ म्हणजे २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर.

मग चेसिस नंबर. त्यांनी पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. सतरा अक्षरं उमटली. मी नंतर अभ्यास केला. ही सतरा अक्षरं म्हणजे गाडीची कुंडलीच आहे. पहिली तीन कंपनीची. एमए३ म्हणजे मारुती, एमएटी म्हणजे टाटा, एमए१ म्हणजे महिंद्र. एक आणि शून्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही अक्षरं यात वापरतच नाहीत. दहावं अक्षर साधारणपणे सालाचं असतं. २०१० साठी ए, २०११ साठी बी, असं पुढे. सगळ्या कंपन्यांनी ही जागा पाळलेली नाही, म्हणून आरसी बुकावरचा महिना-सालही बघायचाच.

चेसिस नंबर बुकाशी जुळला. इंजिनचा नंबर मात्र जुळेना! विकणारा हसत म्हणाला, "इंजिन बदललंय हो. उलट तुमचा फायदाच!" फायदा कसला? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं तर त्याची आरसीवर नोंद करावी लागते. नोंद नसेल तर नाव बदलताना अडेल, अपघात झाला तर विम्याचा दावा अडेल. आणि ते इंजिन मुळात कुठल्या गाडीतून आलं, हे कोण सांगणार? "आधी नोंद करून आणा," असं मामाने म्हटल्यावर तो माणूस पुन्हा फिरकला नाही. इसार परत मिळवायला मामाला महिनाभर हेलपाटे घालावे लागले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या रात्री जेवताना मामा गप्प होता. मग उठून त्याने कपाटातून एक स्टँप पेपर काढला. सहा वर्षांपूर्वी त्याने आपली जुनी जीप विकली होती. सही झाली, पैसे मिळाले, संपलं. मी एमपरिवहन अॅपवर नंबर टाकला. मालक अजून मामाच! विमा केव्हाच संपलेला.

२०१८ साली सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, पण कागदावर नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघाताची भरपाई कोर्टाने त्याच्यावरच टाकली. म्हणजे ती जीप आज कोण चालवतंय ते मामाला माहीत नाही, पण तिच्याखाली कुणी आलं तर दारात मामा उभा! मामाने तो विकत घेणारा शोधला. त्याने ती केव्हाच दुसऱ्याला विकली होती. अजून शोध चालू आहे.

आता तुम्ही म्हणाल, मामाचं पुराण आम्हाला कशाला? मग जरा हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये चक्कर मारा. दर उन्हाळ्यात पास होणारे सीनियर्स बाइक विकतात. किंमत कॅंटीनमध्ये ठरते, किल्ली हातात पडते आणि "नाव नंतर करू". ते 'नंतर' कधीच येत नाही. कायदा सांगतो की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. फॉर्म २९ आणि ३० आहेत. एक सबमिशन कॉपी करायला लागतो त्याहून कमी वेळ ते भरायला लागतो.

मला वाटतं, आपण मेंटेनन्स म्हणजे फक्त ऑइल आणि ब्रेक समजतो, तिथेच चुकतो. विमा, पीयूसी, आरसीवरचं नाव, चेसिस नंबर हेही गाडीचेच पार्ट आहेत. ब्रेक फेल झाला तर निदान कळतं तरी. कागद फेल झालेला कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि सल्ला कुणाचा घ्यावा? जो सल्ल्याबरोबर हातात कागद-पेन्सिल देऊन "स्वतः बघ" म्हणतो, त्याचा.

तेव्हा आज मेसला जाताना एक कागद, एक पेन्सिल घ्या आणि आपापल्या बाइकचा नंबर घासून बघा. आणि सीनियर्स, तुम्हीही! किल्ली दिली म्हणजे गाडी गेली असं नसतं. मामाची जीप सहा वर्षं झाली, अजून गेलेली नाही.