गरोदरपणातील रक्तदाब आणि घरची माणसे

“पायांना सूज? पहिलटकरणीला यायचीच,” हे वाक्य हसनाबादच्या दवाखान्यात मी पुष्कळदा ऐकले आहे. बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक भरला, तर तीच सूज धोक्याची ठरू शकते. हा रक्तदाब अनेकदा कसलाही त्रास न देता वाढतो. म्हणून आपल्या घरच्या गर्भवतीला बरे वाटत असले, तरी तपासणी चुकवू नका. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत ती मोफत होते.

‘जोखमीची माता’ असा शिक्का बसला की सून गप्प होते. आपलेच काही चुकले, असे तिला वाटते. तिचे काहीही चुकलेले नाही, हे सासूने चारचौघांत सांगावे. पतीने प्रत्येक तपासणीला सोबत जावे. बाळंतपणासाठी माहेरी निघताना तपासणीचे कार्ड आणि गोळ्या पिशवीत आधी ठेवाव्यात. ज्या शेजारणीने हे सोसले आहे, तिने घटकाभर जवळ बसावे. तिच्या धीराच्या शब्दाला माझ्या शब्दाहून अधिक वजन असते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर फोन करा. बाळंतपणानंतरही सहा आठवडे डोकेदुखी, अंधारी आणि रक्तस्राव यांकडे लक्ष ठेवा. त्या दिवसांत सारे घर बाळाकडे पाहत असते. एकाने तरी आईकडे पाहावे.