फुकट वाचणाऱ्यांनो, वर्गणी काढा

परदेशात राहून मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्याला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "यातून काही सुटतं का?" उत्तर "नाही" आलं की दुसरा, "मग जाहिराती का नाही लावत?" "आम्ही किती द्यायचे?" हा तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मला बोलायचं आहे ते या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माझं म्हणणं सरळ आहे. स्वतःच्या लिखाणावर पैसे मिळवण्यात काहीही गैर नाही, पण ते वाचकाकडून, उघडपणे, वर्गणी म्हणून घ्यावेत. जाहिरातींच्या नादी लागू नये. आणि वाचकानेही ते उपकार म्हणून नव्हे, तर घेतलेल्या वस्तूचं मोल म्हणून द्यावेत.

आधी जाहिरातींचा हिशोब करू. गूगलचं ॲडसेन्स २००३ साली आलं. हिंदी लिखाणाला त्यात जागा मिळाली २०१४ च्या डिसेंबरात, आणि मराठीचा नंबर त्यानंतर काही वर्षांनी लागला. म्हणजे मराठी ब्लॉगांचा भर होता तेव्हा ही सोय आपल्यासाठी नव्हतीच. आता आहे, तर काय मिळतं? समजा, तुमचा ब्लॉग महिन्याला ४,००० वेळा उघडला जातो. एकट्याने लिहिलेल्या मराठी ब्लॉगसाठी हा आकडा मुळीच वाईट नाही. दर हजारी दोन डॉलर मिळतात असं उदार मनाने धरलं, तरी महिन्याचे झाले आठ डॉलर. अमेरिकेत खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही, ब्रिटनमध्ये ही मर्यादा ६० पौंडांची आहे. म्हणजे पहिला चेक यायला वर्ष उलटून जाणार. वर्षभर रात्री जागून लिहायचं आणि मिळकत काय, तर चौघांच्या एका जेवणाचं बिल!

बरं, रक्कम वाढवायची तर काय करायचं? जाहिरातीचा भाव लिलावात ठरतो. वाचक कोणत्या देशातला, पान कोणत्या विषयाचं, यावर बोली लागते. विमा, कर्ज, घरखरेदी, पैसे पाठवण्याची सेवा यांना भाव. कोकणातल्या बलुतेदारीवर तुम्ही जीव ओतून लिहिलंत, तर त्याला बोली लावणारा कुणी नाही. मग हळूहळू ब्लॉगचे विषय बदलू लागतात. 'भारतात पैसे पाठवण्याचे सात मार्ग', 'पुण्यात फ्लॅट घेताना', 'ग्रीन कार्डची रांग'. माहिती उपयोगाची असेलही, पण ती इंग्रजीत शंभर ठिकाणी पडलेली आहे. तुमच्यावाचून जे कुणी लिहिणार नव्हतं, ते लिहायचं राहून जातं. जाहिरात लेखकाला थेट काही सांगत नाही. ती फक्त कोणत्या लेखाला किती मिळाले ते दाखवते, आणि माणूस आपणहून वाकतो.

यातली आणखी एक गंमत बघा. जाहिरातींवर क्लिक करा असं वाचकाला सांगायलाही ॲडसेन्सच्या नियमांनी बंदी आहे. जो वाचक दहा वर्षं तुमचं लिखाण वाचतो, त्याला तुम्ही "मदत करा" एवढंही त्या मार्गाने म्हणू शकत नाही. व्यवहार कंपनीचा आणि जाहिरातदाराचा. तुम्ही आणि तुमचा वाचक दोघंही त्यातले माल.

दुसरा मार्ग दलालीचा. ॲमेझॉनची दुवे लावण्याची योजना १९९६ पासून आहे. तुमच्या दुव्यावरून कुणी गेलं आणि २४ तासांच्या आत खरेदी केली, तर काही टक्के तुमचे. पण अमेरिकेतल्या ॲमेझॉनवर मराठी पुस्तकं मिळतात किती? मग मराठी लेखक कुकर, मिक्सर आणि इडलीपात्रांची परीक्षणं लिहू लागतो. १०० डॉलरच्या कुकरमागे चार-पाच डॉलर हाती पडतात. शिवाय अशा दुव्यातून किंवा फुकट मिळालेल्या वस्तूतून आपला फायदा होत असेल तर ते वाचकाला स्पष्ट सांगावं, असा अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा दंडक आहे आणि २००९ पासून त्यात ब्लॉग लिहिणाऱ्यांचा नाव घेऊन समावेश आहे. आपल्याकडच्या किती पानांवर ही ओळ दिसते? वर्गणी मागायला लाज वाटते, पण मैत्रीच्या सुरात कुकर खपवायला वाटत नाही, हे मला अजब वाटतं.

इथे कुणीतरी म्हणेल, "अहो, पण आपले दिवाळी अंक जाहिरातींवरच तर चालले!" खरं आहे. १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि तिने मराठीला भरभरून दिलं आहे. पण तिथे जाहिरात कुणाची घ्यायची हे संपादक ठरवत होता, ती ठरलेल्या पानावर बसत होती, आणि कथा कोणती छापायची हे सराफाला कुणी विचारत नव्हतं. शिवाय अंक वाचक विकत घेत होता. जाहिराती आटल्या की त्या अंकांची पानं कशी आटतात, हेही आपण पाहिलेलंच आहे.

त्यापेक्षा जुनं आणि जवळचं उदाहरण 'निबंधमाला'चं. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेलं हे मासिक जवळजवळ एकट्याने लिहिलेलं होतं. भाषा, इतिहास, वाङ्मय, समाज, जे मनात येईल त्यावर, आपल्याच आवाजात. त्या काळचा ब्लॉगच म्हणा ना! लेखक सरकारी शाळेत मास्तर, म्हणजे पोटापाण्याची नोकरी वेगळी. १८७९ मध्ये त्यांनी ती सोडली, तरी नुसत्या मासिकावर विसंबले नाहीत. शाळा काढली, छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचं दुकान उभं केलं. यातून मला दोन गोष्टी दिसतात. एकट्याच्या मराठी लिखाणावर घर चालवणं तेव्हाही अवघड होतं. आणि तरीही ते लिखाण लोक पैसे मोजून वाचत होते. दीडशे वर्षांनी, डॉलरमध्ये पगार घेणारे आपण ते फुकट मागतो.

"हौस म्हणून लिहितोस ना? मग पैसे कशाला?" हा आपला आवडता युक्तिवाद. मुंबईहून आलेल्या नाटकाला चाळीस डॉलरचं तिकीट काढताना आपण नटाला हे विचारत नाही. मंडळाच्या गणपतीला ५१ डॉलर देतो, ढोल-ताशा पथकाच्या गणवेशाला देतो, मुलांच्या तबल्याच्या शिकवणीला देतो. दर महिन्याला तीन-तीन ठिकाणी सिनेमा-मालिकांची वर्गणी कापली जाते, तिचा पत्ताही नसतो. फक्त मराठी वाचायची वेळ आली की सरस्वती आणि लक्ष्मीचं वैर आठवतं. 'मराठी टिकली पाहिजे' या विषयावरच्या चर्चेला सभागृहाचं भाडं दिलं जातं, चहा-वड्याचे पैसे दिले जातात. ती मराठी जो लिहितो, त्याला टाळ्या आणि नारळ.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती मी नाकारत नाही. पैसे लावले तर लातूरच्या, सांगलीच्या, नोकरी शोधणाऱ्या वाचकाने काय करायचं? उत्तर असं की कुलूप लावूच नका. लेख सगळ्यांना खुला ठेवा आणि ज्याला परवडतं त्याच्याकडे वर्गणी मागा. पुन्हा हिशोब करा. हजार नियमित वाचकांपैकी फक्त ४० जणांनी वर्षाला ३० डॉलर दिले, तर १,२०० डॉलर होतात. जाहिरातींच्या आठ डॉलर महिन्यापुढे हे बारा पटीहून जास्त आहेत. एडिसनच्या, लंडनच्या, दुबईच्या वाचकाने भरायचं आणि लातूरच्या वाचकाने तेच पान फुकट वाचायचं. परदेशी मराठी माणसाने भाषेसाठी याहून साधं आणि नेमकं काय करावं?

आता थोडं व्यवहाराचं. सबस्टॅकसारखी सेवा वर्गणीतले १० टक्के घेते, शिवाय पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइपची फी वेगळी. त्या फीत दर व्यवहारामागे ३० सेंट ठरलेले असतात, त्यामुळे महिन्याला पाच डॉलर घेतलेत तर जवळपास एक डॉलर कापला जातो. वर्षाचे ३० एकदम घ्या, म्हणजे कपात चौदा-पंधरा टक्क्यांवर येते. अमेरिकेत स्वतंत्र धंद्याची निव्वळ मिळकत वर्षाला ४०० डॉलर झाली की विवरणपत्र भरावंच लागतं. ब्रिटनमध्ये अशा किरकोळ कमाईचे पहिले १,००० पौंड करमुक्त आहेत. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर वर्गणी असो की जाहिरात, एक डॉलर घेण्याआधीही वकिलाला विचारा. मालकाव्यतिरिक्तची कमाई तिथे अंगाशी येऊ शकते. आखातातही परवान्याचे नियम पाहूनच पुढे जा.

लिहिणाऱ्यांना एक विनंती. वर्गणी मागितलीत की हिशोबही मांडा. मंडळाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवतात तसा. डोमेनला इतके गेले, पुस्तकांना इतके, आणि उरलेले माझ्या वेळेचे. शेवटचा आकडा लिहिताना पेन अडखळू देऊ नका. आणि पैसे घेतलेत तर ठरल्या तारखेला लेख द्या. हौसेच्या नावाखाली सहा-सहा महिने गायब होण्याची मुभा मग राहत नाही.

आणि वाचकांनो, तुम्ही वर्षानुवर्षं वाचत असलेला, आईला व्हॉट्सॲपवर पाठवत असलेला एखादा मराठी ब्लॉग असेलच. त्याने मागायची वाट बघू नका. आज त्याला चार ओळींचं पत्र लिहा आणि विचारा, "वर्गणी कुठे पाठवायची?"