थकव्याचा जमाखर्च

दुखणाईत म्हटला कीं आपल्या घरांतून एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें : अंथरूण, उशाशीं औषधाच्या बाटल्या, पेजेची वाटी आणि दबक्या पावलांनीं वावरणारीं माणसें. या चित्रांत जो बसत नाहीं त्यास दुखणाईत म्हणावयास आपण सहसा तयार होत नाहीं. दीर्घकालीन रक्तकर्करोगाचा रोगी तर त्यांत मुळींच बसत नाहीं. तो हिंडतो-फिरतो, चार घांस जेवतो, कचेरींत जातो. आणि तिसऱ्या प्रहरीं 'आतां मला उठवत नाहीं' असें म्हणतो. ऐकणारांस तो आळस वाटतो. या गैरसमजापायीं जो अनर्थ होतो त्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या रोगास 'ल्युकेमिया' हें नांव रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्यकपंडितानें १८४७ सालीं दिलें; 'पांढरें रक्त' असा त्याचा ग्रीक भाषेंतील अर्थ. अस्थिमज्जेंत रक्तपेशी तयार होतात, तेथें बिघडलेल्या श्वेतपेशी बेसुमार वाढूं लागतात. दीर्घकालीन प्रकारांत ही वाढ संथ असते. त्यांपैकीं मायलॉइड प्रकाराचें मूळ १९६० मध्यें फिलाडेल्फिया येथील दोघां संशोधकांस एका आखूड गुणसूत्रांत सांपडलें. ९ व २२ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले जातात, हें जॅनेट राउली या विदुषीनें १९७३ मध्यें दाखविलें. आणि नेमका हाच बिघाड हेरणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्यें अमेरिकेंत मान्य झाली. तिच्या एका स्वरूपाचें पेटंट आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं नाकारलें, त्यामुळें देशी कारखान्यांच्या स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. पूर्वीं थोड्या वर्षांत अंत व्हावयाचा, त्या रोगांत आज औषध लागूं पडलेला मनुष्य बहुधा समवयस्कांच्या जवळपास जगण्याची आशा बाळगूं शकतो. आयुष्य असें लांबलें म्हणजे मुलांचीं शिक्षणें, घराचे हप्ते, कचेरीची पायरी, हीं कांहींच सुटत नाहींत. खरी अडचण येथें सुरू होते.

हा थकवा नेहमींच्या श्रमाहून निराळा. रात्रीं पुरी झोंप घेऊनही तो उतरत नाहीं. त्याचीं कारणें अनेक : तांबड्या पेशी कमी पडतात, कधीं रोग, कधीं त्यावरील औषधच शक्ति खातें, कोणाची झोंप मोडते, कोणाची थायरॉइड ग्रंथि मंदावते, आणि चिंतेचा वाटाही लहान नसतो. म्हणून घरांतील वडील मंडळींनीं आपल्या मतें लोहाचें टॉनिक किंवा एखादा काढा सुरू करूं नये. या रोगांत रक्त कमी होण्याचें कारण लोहाची उणीव हेंच असेल असें नाहीं, आणि कित्येक वनौषधि गोळीच्या कामांत अडथळा आणतात. थकवा वाढला तर डॉक्टरांस सांगून रक्त तपासावें; ज्वर आला तर त्याच दिवशीं कळवावें. लिम्फोसायटिक या दुसऱ्या प्रकारांत पुष्कळांस वर्षानुवर्षें औषध लागत नाहीं, डॉक्टर केवळ मुदतीनें तपासून लक्ष ठेवतात. औषध नाहीं म्हणजे रोग नाहीं असें घरचे समजतात. परंतु थकवा त्या रोग्यांसही येतो.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. थकवा गोळीमुळेंच येतो अशी समजूत करून घेऊन कांहीं रोगी सणावाराच्या वा कचेरींतील घाईच्या दिवशीं ती गुपचूप चुकवितात. दोन दिवस बरें वाटतें, कोणास कळत नाहीं, आणि तीच वहिवाट पडते. रोग गोळीनें दबलेला असतो. वारंवार खंड पडल्यास तो पुन्हा डोकें वर काढतो व कधीं कधीं त्या गोळीस दाद देईनासा होतो. बाहेरून मात्र बरेच दिवस कांहीं दिसत नाहीं. गोळी सोसत नसेल तर मात्रा बदलणें किंवा दुसरें औषध देणें हे उपाय डॉक्टरांपाशीं आहेत. कांहीं निवडक रोग्यांची गोळी अनेक वर्षांनंतर बंदही करतां येते, पण ती सूक्ष्म तपासणीच्या पहाऱ्याखालीं. घरांत आळशीपणाचा टोमणा मिळाला कीं माणूस थकवा लपवूं लागतो, आणि थकवा लपवितां लपवितां गोळी चुकविणेंही लपवितो. घरच्या मंडळींचा शब्द औषधाइतका मोलाचा आहे तो यासाठीं.

आतां कामाविषयीं. आमची सूचना अशी कीं, शक्तीचा जमाखर्च पैशाप्रमाणेंच मांडावा. पंधरा दिवस एका वहींत कोणत्या वेळीं काय केलें व नंतर कसें वाटलें हें टिपावें. ज्या वेळीं अंगांत जोम असतो त्या वेळीं जड काम ठेवावें. दमून बसण्यापेक्षां दमण्यापूर्वींच थोडा वेळ पाठ टेकावी. दुपारची झोंप मात्र लांबवूं नये, ती रात्रीच्या झोंपेंतून वजा होते. चांगला दिवस उगवला म्हणून आठवड्याचें काम त्याच दिवशीं उरकणें म्हणजे मुद्दल मोडून खाणें होय. रोजचें माफक चालणें मात्र जमेच्या बाजूस पडतें. नियमित व्यायामानें कर्करोग्यांच्या थकव्यास उतार पडतो असें प्रयोगांत दिसून आलें आहे. डॉक्टरांस विचारून दहा मिनिटांपासून आरंभ करावा.

गृहिणीचा प्रश्न अधिक कठीण, कारण तिच्या कामास रजा नाहीं. भाजी बसून चिरावी. पाणी भरणें, गाद्या घालणें, वरच्या फळीवरील डबे काढणें हीं कामें मुलांनीं व पुरुषांनीं उचलावीं. गौरीच्या दिवशीं पुरणपोळी विकत आणली, वा श्राद्धाचा स्वयंपाक बाहेरून करवून घेतला, तर देव व पितर रागावतील असें आम्हांस वाटत नाहीं. हें सासूबाईंनीं आपण होऊन म्हटलें तर सुनेच्या मनावरचें अर्धें ओझें उतरेल.

नोकरी करणारानें आपलें दुखणें सगळ्या कचेरीस सांगण्याचें कारण नाहीं. परंतु एका विश्वासू वरिष्ठास सांगून गर्दी टाळून येण्याजाण्याच्या वेळा ठरविणें, कांहीं काम घरून करण्याची सवलत मागणें, तपासणीची रजा आधींच लावून घेणें, यांत कमीपणा कसला? डॉक्टरांचें पत्र जोडावें म्हणजे शंकेस जागा उरत नाहीं. बढती एखादें वर्ष लांबली तरी चालेल, पण काम साफ सोडण्याची घाई करूं नये. कामानें पैसा मिळतो, तसा दिवसास आकारही येतो.

घरच्या मंडळींस शेवटीं इतकेंच सांगणें कीं, 'आज शिल्लक किती?' असें रोज सकाळीं सहज विचारावें. आणि जें उत्तर येईल तें खरें मानावें.